पडती काच

थोरल्याला हल्ली एक खोड लागली होती. धाकट्या भावाशी तो ओरडून बोलायचा. भांडण म्हणून नव्हे. बहिऱ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून. "जेवलास. का?" "झोप. लागली. का?" भाऊ टेबलाच्या पलीकडे बसलेला, मधे फक्त पाण्याचा जग, आणि हा अशा हाका घालणार की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकावं.

काचवालीला ते बघवत नसे.

"अरे, त्याच्या कानांना काही झालेलं नाही," ती म्हणायची. "तुझाच घसा बसेल."

"डॉक्टरांनीच सांगितलंय ना आई, सांभाळून घ्या म्हणून," थोरला साळसूदपणे उत्तर द्यायचा.

"सांभाळून घ्या म्हणाले. जाहीर सभा घ्या म्हणाले नाहीत."

यावर धाकटा खाली बघून हसायचा. त्याचं ते एवढंसं हसू काचवालीला दिवसभर पुरायचं. कारण मधले कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. ताट नेलं तसं परत यायचं. काय होतंय विचारलं तर काही नाही, कुठं दुखतंय विचारलं तर कुठंच नाही. मग इस्पितळ झालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि एके सकाळी त्यानं चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं नि म्हणाला, "आई, हे काय गोडमिट्ट करून ठेवलंयस?" काचवालीनं त्याला सणसणीत एक शिवी हासडली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

तिला काचवाली म्हणत ते दुकानावरून. नवरा गेला तेव्हा पोरं शाळेत होती, तेव्हापासून काचेचं दुकान तिनं तोंडाच्या जोरावर चालवलं. स्वतः ती शाळेत गेली ती एखादी बाई चुकून दुसऱ्याच्या घरात शिरते आणि लगेच मागे फिरते, तेवढीच. पण गल्लीत तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते तिला चांगलं माहीत होतं. दुकानात पुढं गल्ला, मागं लाकडी घोड्यांवर उभ्या करून ठेवलेल्या काचा, आणि मधे ते लांबरुंद टेबल, वर जाड लोकरी कापड ताणून बसवलेलं. या टेबलाशी धाकटा उभा राहायचा. रॉकेलमध्ये बुडवलेला काच कापायचा हिरा पट्टीला लावून एका दमात रेघ ओढायचा आणि टेबलाच्या कडेशी दाब देऊन काच मोडायचा. थोरला मापं घ्यायचा, गिऱ्हाईक सांभाळायचा, बसवण्याच्या कामावर जायचा. कापायला धाकटा. अशी वाटणी बापानं करून दिली होती, कारण थोरल्याच्या हाताला धीर नव्हता.

आता धाकटा बरा होऊन आला होता, आणि त्याला एकच गोष्ट हवी होती. त्याचं टेबल. लग्न नको, हवापालट नको, नवे कपडे नकोत. सकाळी उठून टेबलाशी उभं राहायचं होतं.

आणि थोरल्यानं हिरा कुलपात ठेवला होता.

"आत्ताच कशाला?" तो म्हणायचा. "पूर्ण बरा होऊ दे. काच आहे ती, कागद नाही. उद्या काही झालं तर?"

"काय होणार?"

"आई, तुला कळत कसं नाही? तसल्या माणसाच्या हातात धारेची वस्तू..."

घरातही तीच तऱ्हा. सुनेनं सुऱ्या लपवल्या होत्या. एक दिवस काचवालीला भोपळा चिरायचा होता. तिनं खण उघडले, फडताळ उघडलं, ओट्याखाली वाकून पाहिलं. शेवटी पिठाच्या डब्यात हात घातला तेव्हा सुरी निघाली, पांढरीफटक, भुतासारखी.

"ही काय थंडीनं आत जाऊन बसली होती का गं?"

सून कानकोंडी झाली. "आई, हेच म्हणाले... भाऊजींच्या नजरेला पडू नये म्हणून."

"आणि आपण काय करायचं? भोपळा दातांनी फोडायचा?"

"त्यांना त्रास होईल असं..."

"त्याला त्रास होतो तो तू त्याचं सफरचंद फोडी करून चमच्यानं खायला देतेस तेव्हा. दात आहेत त्याला." तिनं सुरी झटकली नि भोपळ्यात खुपसली. "तुझा नवरा महिन्याआड एक कप भिंतीवर फोडतो, ते कप का नाही लपवत पिठात?"

सुनेनं पिठाचा डबा बंद केला. यावर या घरात सगळेच गप्प बसायचे. थोरल्यानं कप फोडले होते, दरवाजाला लाथ मारून बिजागर तोडलं होतं, एकदा गिऱ्हाइकानं माप बदललं म्हणून तयार आरसा उचलून अंगणात आपटला होता. त्याला लोक म्हणायचे तापट. म्हणायचे, मनानं चांगला आहे हो, राग आला की काही सुचत नाही एवढंच. आणि ज्यानं आयुष्यात मुंगीवर पाय दिला नाही, उलट स्वतःच खचून कोपऱ्यात पडून राहिला, त्याच्यापासून सुऱ्या लपवायच्या. काचवाली मनाशी म्हणायची, काय सुंदर हिशेब आहे.

शेजारच्या कुलूपवाल्याचं आणखी निराळं. तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त, तिला वहिनी म्हणायचा आणि त्या नात्यानं हवं तिथं नाक खुपसायचा. रोज दुपारी येऊन स्टुलावर टेकायचा.

"वहिनी, खरं सांगू? हे रिकामपणाचं दुखणं. माणसाला कामात गुंतवलं की विचार सुचत नाहीत."

"मग लावते उद्यापासून टेबलाशी."

"छे छे! काचेपाशी नको. काही भरवसा नाही."

"म्हणजे कामाला लावायचं आणि काम द्यायचं नाही. अहो कुलूपवाले, असली कुलपं बनवता का तुम्ही? नुसतं कुलूप, किल्ली नाहीच?"

तो हसला, पण सोडेना. "आणि त्या गोळ्या आधी बंद करा. सवय लागते. आता बरा दिसतोय ना? मग कशाला?"

"तुमचा चष्मा काढा बघू."

"का?"

"आता नीट दिसतंय ना तुम्हाला? मग कशाला?"

कुलूपवाला चष्मा सावरत उठला. जाता जाता म्हणाला, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही." काचवालीला हे मनापासून पटलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई मात्र तिला आवडल्या होत्या. दिसायला शाळकरी पोरगी, पण वायफळ बोलणं नाही. काचवालीनं त्यांना सरळच विचारलं होतं, "हा काच कापेल का?"

"आधी कापायचा का?"

"त्याच्यासारखी कुणी कापत नाही."

"मग कापेल. सुरुवातीला हात थोडा थरथरेल, गोळ्यांमुळे. ते जाईल. गोळ्या मी सांगेपर्यंत सोडायच्या नाहीत. आणि परत तसं वाटायला लागलं तर लपवायचं नाही." हे शेवटचं त्या धाकट्याकडे बघून म्हणाल्या होत्या, नेहमीच्या आवाजात.

थोरला त्या वेळी तिथंच होता. तरी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "भावाला डॉक्टरांनी काचेची मनाई केलीय." काचवालीनं तोंडावर पाडलं की म्हणायचा, "गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून बोलतो गं. तोच कापतोय असं त्यांना वाटलं तर कोण येईल?"

अशात ते आरशांचं काम आलं. मुलींच्या नाचाच्या वर्गासाठी एका दिवाणखान्याची अख्खी भिंत आरशांनी मढवायची होती. माणसाच्या उंचीहून मोठे आरसे. असला आरसा एकट्यानं उचलायचा नसतो. दोघं लागतात, आणि नुसते दोघं नव्हे, एकमेकांचे दोघं. मागचा बोलतो, पुढचा ऐकतो. उचल, चाल, वळ, टेकव. आणि सगळ्यांत मोठा शब्द 'सोड'. तो दोघांच्या तोंडून आल्याशिवाय कुणी हात काढायचा नाही. बापानं दोन्ही पोरांना हे रिकाम्या फळीवर शिकवलं होतं, आणि नंतर ते दोघं मोठी काच घेऊन रस्त्यानं निघाले की चार पायांचा एकच माणूस चालल्यासारखा दिसायचा.

बापानं आणखी एक शिकवलं होतं. काच एकदा पडायला लागली की धरायची नाही. हात काढायचे आणि मागं उडी मारायची. काच गेली तर दुसरी येते. पडती काच धरणारा माणूस या धंद्यात टिकत नाही.

थोरल्याचा नेहमीचा गडी पाठ धरून घरी पडला होता. काचवालीनं संधी साधली.

"धाकट्याला घेऊन जा."

"आई, मोठं काम आहे."

"म्हणूनच. तुझं दुसरं टोक त्याच्याइतकं कुणाला कळतं?"

"आणि मधेच त्याला काही झालं तर?"

"मधेच तुला काही झालं तर? तू काय लोखंडाचा आहेस?" तिनं गल्ल्यावर हात आपटला. "हे काम नीट झालं की उद्यापासून हिरा त्याच्या हातात. मी सांगतेय. दुकान अजून माझं आहे."

धाकटा दारात उभा होता. त्यानं चामडी हातमोजे चढवले. किती दिवसांनी चढवले होते. बोटं आत घालताना तो त्यांच्याकडे असा बघत होता की काचवालीनं मान फिरवली.

दुपारी फोन आला. थोरल्याचा. मागं गोंगाट होता.

"आई, इस्पितळात ये. त्यानं स्वतःला काहीतरी करून घेतलं."

"काय करून घेतलं?"

"हात. पूर्ण हात कापलाय. मी म्हणत होतो ना! मी म्हणत होतो!"

तिनं दुकानाचं शटर अर्धवट ओढलं आणि पायात येतील त्या चपला घालून निघाली.

अपघात विभागात धाकट्याला अगदी टोकाच्या पलंगावर ठेवलं होतं, परिचारिकेच्या टेबलासमोर. मनगटापासून कोपरापर्यंत जाड पट्टी. कमरेचा पट्टा काढून घेतलेला, बुटांच्या नाड्याही. शेजारी खुर्चीवर एक पहारेकरी बसला होता आणि कंटाळून पाय हलवत होता. परिचारिका वाकून विचारत होती, "का असं केलंत? हं? घरी काही बोललं का कुणी?"

"काच पडत होती," धाकटा म्हणाला.

"हो, हो." तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. "पडा आता शांत. शहाण्यासारखं."

तिची पाठ वळताच तो म्हणाला, "आई, दादानं सोडली."

"तू सोड म्हणाला होतास का?"

"थांब म्हणालो मी. दोनदा म्हणालो. त्याचा फोन आला होता."

काचवाली उठली आणि बाहेर थोरल्याला गाठलं. तो पाण्याच्या नळापाशी उभा राहून शर्टावरचं रक्त धूत होता.

"तू काच सोडलीस?"

त्यानं नळ बंद केला नाही. "कोण म्हणालं? तो? आई, त्याचं काय ऐकतेस, गोळ्यांच्या गुंगीत आहे तो. काच कलली, बस्स. कलते कधीकधी. मी मागं झालो. बाबांनी काय शिकवलंय आपल्याला? पडती काच धरायची नाही. त्याला माहीत नाही का? माझ्याइतकंच माहीत आहे. तरी यानं ती धरून ठेवली. दोन्ही हातांनी. उराशी. कोण धरतं तशी काच? ज्याला कापून घ्यायचंय तोच धरतो."

ही गोष्ट खरी होती. काचवाल्याच्या घरात वाढलेलं शेंबडं पोरही पडती काच धरत नाही. हात आपोआप सुटतात, विचार करावा लागत नाही. तिच्या डोक्यात नको ते आलं. भिंतीकडे तोंड करून पडलेली ती पाठ आली. ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली, आणि थोरला तिच्याकडे बघत होता. आता हिला कळलं, अशा नजरेनं.

तेवढ्यात नाचाच्या वर्गाची मास्तरीण आली. हातात धाकट्याचं जाकीट, घडी घातलेलं. घाबरून पांढरी पडली होती.

"कसे आहेत ते? टाके खूप पडले का?" मग काचवालीला म्हणाली, "तुम्ही आई ना? तुमच्या मुलानं माझ्या मुली वाचवल्या हो."

"कुठल्या मुली?"

"वर्गाच्या. लवकर आल्या होत्या. खिडकीखाली ओळीनं बसून बूट काढत होत्या, बरोबर आरशासमोर. यांचा फोन वाजला," तिनं थोरल्याकडे हात केला, "हे कुणावर तरी ओरडायला लागले, आरसे बसवायच्या पट्ट्या आल्या नाहीत म्हणून. एक हात आधीच फोनला होता. ओरडता ओरडता दुसराही उचलला. आणि आरसा पुढं यायला लागला, मुलींवर. हे मागं सरकले. यांचे भाऊ नाही सरकले. त्यांनी तो एकट्यानं अंगावर घेतला आणि मुलींना म्हणाले, उठा, पळा. मुली उठेपर्यंत धरून होते. मग तो मधोमध फुटला आणि अर्धा त्यांच्या हातावरून खाली आला."

काचवालीनं थोरल्याकडे पाहिलं. तो शर्टाची बाही पिळत होता.

"हे आत सांगा," काचवाली मास्तरणीला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. त्या डॉक्टरला सांगा. त्याला पहाऱ्यात ठेवलाय."

मास्तरीण दोन पावलं चालली आणि 'पहाऱ्यात' हा शब्द आत्ता डोक्यात शिरल्यासारखी थांबली. जाकीट तिनं या हातातून त्या हातात घेतलं.

"पण तिथून निघताना हे म्हणाले, त्यांना... म्हणजे, तसला आजार आहे."

"मग?"

"नाही, आधी मला माहीत नव्हतं ना. मी आपली पाहिलं तसं सांगितलं. पण आता वाटतं, कदाचित त्यांनी मुद्दामच... म्हणजे त्यांच्या मनात ते आधीच असेल आणि तेवढ्यात निमित्त झालं. आपल्याला काय कळणार त्या लोकांच्या मनातलं?"

"तुम्हाला डोळे आहेत ना?"

"हो, पण..."

"मुलींना पळा म्हणाला तो. ऐकलंत ना कानांनी?"

"ऐकलं," मास्तरीण हळूच म्हणाली. "पण आजी, खरं सांगायचं तर तुम्हीही असा माणूस मुलींच्या वर्गात पाठवताना आधी कल्पना द्यायला हवी होती."

जाकीट काचवालीच्या हातात देऊन ती गेली. आल्यापेक्षा लवकर गेली.

काचवालीनं स्वतःच आत जाऊन पाळीवरच्या तरुण डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. उद्धट नव्हता बिचारा. "आजी, तुम्ही स्वतः तिथं होतात का?" काचवाली म्हणाली, नव्हते. "तिथं होते ते भाऊ वेगळं सांगतात. पेशंटचे आधीपासून मनाचे उपचार चालू आहेत. मला धोका पत्करता येत नाही. सकाळी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर येतील, त्या ठरवतील."

धाकटा छताकडे बघत पडला होता. काचवालीनं त्याच्या पायांवर जाकीट पांघरलं.

"आई, राहू दे," तो म्हणाला. "भांडू नकोस."

"का राहू दे?"

"मी खरं बोललो की ते आजाराचं लक्षण ठरतं. हो, मीच कापून घेतलं म्हणालो असतो, तर कबूल केलं म्हणून शाबासकी दिली असती. दादाला वाटू दे काय वाटायचं ते." मग म्हणाला, "तो हिरा दुसऱ्या कुणाला दे. मी नाही आता काचेला हात लावत. मी नुसता उभा राहिलो तरी लोक बघत राहणार."

काचवालीनं त्याला उलटून एक शिवीही दिली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतके महिने त्या दुखण्यानं त्याच्याकडून खाणं नेलं, झोप नेली, हसू नेलं. पण टेबल नेलं नव्हतं. पडल्या पडल्याही तो टेबलाबद्दल विचारायचा. ते आज गेलं, आणि कुठल्या आजारानं नेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इस्पितळात जायला निघाली तेव्हा थोरला दुकानात दगडानं काचेच्या कडा घासत होता. नेहमीपेक्षा जोरात. सून चहा घेऊन आली, दोघांचे चेहरे पाहून कप तिथंच ठेवून मागं भिंतीशी उभी राहिली.

"चल," काचवाली म्हणाली. "डॉक्टरीणबाई आल्या असतील. त्यांच्यासमोर, त्याच्यासमोर सांगायचं, फोन कुणाचा होता आणि हात कुणी काढला."

"आई, बस जरा. नीट ऐक." थोरल्यानं दगड खाली ठेवला. "माझं नाव आलं तर काय होईल, विचार केलास? मुलींवर आरसा पाडणारा म्हणून गावभर होईल. उद्या कोण बोलावेल आपल्याला? आणि त्याचं नाव आलं तर काय? त्याचं तर आधीच झालंय ना. लोक आधीच म्हणतात. त्यात आणखी एक गेलं म्हणून त्याला काय फरक पडतो? मी घराचाच विचार केला."

"त्याला फरक पडतो. त्यानं काच सोडली काल. कायमची."

"बरंच झालं की मग! निदान धोका टळला." मग आईचा चेहरा पाहून त्यानं सूर बदलला. "तू माझा कधी विचार केलास? सगळं घर त्याच्याभोवती. मला ताण नाही? मला झोप येते? मी तर कधी भिंतीकडे तोंड करून पडलो नाही, म्हणून मला काही होत नाही असं वाटतं तुम्हाला. काल त्या वेळी माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. बास. येतो मी. पण हेच सांगणार, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मलाही लिहून देऊ देत दोन गोळ्या. मग तर झालं?"

सुनेनं पदर तोंडावर धरला. काचवाली जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही. गल्लीत जिचं तोंड वाजायचं ती बाई इतक्या हळू बोलली की थोरल्याला ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"डोकं दुखतं, झोप नाही, तर दाखवायला जा. आजच जा, मी येते बरोबर. लाज नाही त्यात कसली. पण ते वेगळं आणि हे वेगळं, दोन्हींची मोट बांधू नकोस. आरसा तुझ्या हातून सुटला, तो राग होता, रागाबद्दल मी तुला कधीतरी माफही केलं असतं. पण त्यानंतर तू फोन केलास मला. काय सांगायचं ते ठरवून केलास. नळापाशी उभं राहून, बापाचा नियम आठवून, जुळवून, माझ्या तोंडाकडे बघत बोललास, म्हातारीला पटतंय की नाही ते. रात्री जेवलास. झोपलास. आज सकाळी उठून मला नफा-तोटा समजावलास. आणि आता त्याचं दुखणंही उसनं मागतोस, अंगावर पांघरायला? ते नाही मिळायचं. ते त्यानं भोगलंय. तू इथंच राहा, मला नकोस बरोबर. डॉक्टरीणबाईंना मी सांगेन आणि त्यांनी नाही ऐकलं तर उद्या परत जाऊन सांगेन. आणि आजपासून या दुकानातली काच तू एकट्यानं उचलायची, तुझ्या दुसऱ्या टोकाला माझं माणूस मी उभं करणार नाही. तुझं डोकं ठिकाणावर होतं, पोरा. तू धडधाकट आहेस. जे केलंस ते धडधाकट असताना केलंस."